बारदान वजा जाता

९ जानेवारी

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

हे पत्र पलंगावर आडवं पडून लिहिते आहे, तेव्हा ओळी उताराला लागल्या तर रागावू नकोस. डॉक्टरीणबाईंनी मला गेल्या सोमवारपासून बिछान्यात घातलं आहे. एप्रिलअखेरपर्यंत उठायचं नाही, वाकायचं नाही, जिना तर बघायचासुद्धा नाही. बारा वर्षं वॉर्डात नर्स म्हणून दुसऱ्यांना उठू नका असं दटावत आले, ते सगळं व्याजासकट परत मिळतं आहे. या आधी दोनदा पाचव्या महिन्यातच सगळं संपलं, ते तुला ठाऊक आहे. आता सहावा लागला आहे. मी एकोणचाळीसची. डॉक्टरीणबाई बोलत नाहीत, पण पुन्हा संधी येईल असं त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही.

मला आई हवी आहे, दादा. बोलायला दुसरं काही नाही. हे दिवसभर लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर असतात. सकाळी थर्मास भरून ठेवतात, दुपारी एकदा येऊन मी जिवंत आहे का बघतात आणि पुन्हा जातात. माणूस लाख, पण आई ती आई.

६ मार्चचं तिकीट काढलं आहे. आता नीट वाच, कारण हे फोनवर सांगून उपयोग नाही. फोनवर आईला ऐकू येत नाही आणि तुला बोलता येत नाही. मोठी बॅग एकच, तेवीस किलोपर्यंत. हातातली एक, सात किलोपर्यंत. त्यावर गेलं तर जादा आकार, आणि तो असा सणसणीत की त्यात आणखी एक बॅग विकत येईल. बॅग हलकी बघ. चार चाकांची असली तर आईला ओढावी लागणार नाही, नुसती ढकलली की पुरे. लोखंडी पेटारा घेऊ नकोस. तुझी आवड मला माहीत आहे.

वहिनीला नमस्कार. आईला आत्ताच सगळं सांगू नकोस, नुसतं धाकटी बोलावते आहे एवढं सांग. लोभ आहेच, पण सध्या थोडा जास्त लागणार आहे.

तुझी
धाकटी

---

२१ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी ते गोदामात पोत्यांच्या थप्पीमागे उभं राहून वाचलं. संध्याकाळी देवापुढे बसलो तेव्हा काही मागायचं सुचलं नाही, नुसता बसून राहिलो. ऐकणाऱ्याला कळलं असेल.

आईला तू सांगितलंस तेवढंच सांगितलं. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं की कितवा महिना. तेव्हा आपलं लपवणं तिथेच संपलं.

यायला ती तयार आहे, पण तिची एक अट आहे. मशीन बरोबर न्यायचं. मी म्हणालो की धाकटीकडे शेजारणीचं विजेचं मशीन मागता येईल. त्यावर ती म्हणाली की मागून आणलेल्या मशीनवर चार दिवस शिवता येतं, तिला चार महिने राहायचं आहे. हातात काम नसलं की ती पाहुणी होते, आणि लेकीच्या घरी चार महिने पाहुणी म्हणून पलंगाशी बसून राहणं तिला जमायचं नाही. तुला आठवत नसेल, बाबा गेले तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. तेराव्या दिवसाच्या आत तिने मामांचं बोलावणं परत पाठवलं आणि कपाटातून हे हातमशीन खाली काढलं. आपण दोघं त्या चाकाच्या दांडीवर वाढलो. तेव्हा मी मशीन न्यायचं कबूल केलं.

अटीला एक शेपूट आहे. जादा आकार एक पैसाही भरायचा नाही. तू बिनपगारी रजेवर आहेस हे तिने माझ्याकडून काढून घेतलं. पोरीच्या घरात पाऊल टाकायच्या आधीच तिला खर्चात घालणार नाही, म्हणते. मी भरीन म्हटलं तर म्हणाली की एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात, खर्च तो खर्चच. आकार मागितला तर ती मशीन घेऊन दारातूनच परत फिरेल. तू तिला ओळखतेस, ती फिरेल.

पण तू काळजी करू नकोस. वजन हा आपल्या घरचा धंदा आहे. बाबांनी त्या गोदामात बावीस वर्षं तोलणार म्हणून काटा धरला, मला तीस होत आली. धान्याच्या ट्रकात दोनशे ग्रॅमचा फरक आला तर मला रात्री झोप येत नाही, तर एका बॅगेचं काय घेऊन बसलीस. मशीन लाकडी बैठकीसकट काट्यावर ठेवून पाहिलं, दहा किलो आठशे भरलं. म्हणजे बाकी सामानाला बारा किलो दोनशे उरतात. आई म्हणाली की इतकं तर तिने जन्मात कधी बरोबर नेलं नाही.

वहिनी मला चिडवते आहे की विमानाचं नाव काढल्यापासून मी ताठ चालतो. उठू नकोस. वाकू नकोस. तुझ्यावर आमची जी माया आहे ती आहे तशी, तिला मोजमाप नाही.

तुझा
दादा

---

२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मशीनची अट वाचून मी इतकी हसले की ह्यांनी धावत येऊन हसू नकोस म्हणून दटावलं. हसणंसुद्धा आता बेताने. हे म्हणतात की जादा आकार आम्ही गुपचूप इथूनच भरून टाकू, आईंना कळणार नाही. मी त्यांना म्हटलं की तुमचं लग्न होऊन नऊ वर्षं झाली तरी तुम्हाला तुमची सासू कळली नाही. तिला पावती वाचता येते, आणि न दिलेल्या पावतीचा वाससुद्धा येतो.

आता बॅगेबद्दल. माझ्या वॉर्डातल्या एका मैत्रिणीने चार वर्षांत तीन बॅगा मोडल्या आहेत, तिचं सांगणं असं. कडक कवचाची बॅग दिसायला छान, पण आतल्या आत सामान हलतं. कापडी बॅग हलकी, पण खडबडीत हाताळणी सोसत नाही. चाकं बॅगेच्या पोटात बसवलेली हवीत, बाहेर आलेली चाकं आधी जातात. कुलूप साधं असावं. आणि बॅग नवी असली तरी तिच्यावर ओळखीची खूण करावी, कारण पट्ट्यावरून सगळ्या काळ्या बॅगा येतात आणि म्हातारी माणसं दुसऱ्याची उचलून चालू लागतात.

पडल्या पडल्या जुनं काय काय आठवतं. बाबा आपल्याला वाढदिवसाला गोदामात न्यायचे आणि मोठ्या काट्यावर उभं करायचे, आठवतं? मी नवा फ्रॉक घालून उभी. बाबा वजन बघायचे आणि मग गंभीरपणे म्हणायचे की फ्रॉकचं बारदान दोनशे वजा. पोत्याचं जसं रिकाम्या पोत्याचं वजन काढून टाकायचं, तसं माझ्या फ्रॉकचं. मला वाटायचं, आपण फार मौल्यवान माल आहोत, बाबांना निव्वळ आपणच हव्या आहोत. मला बाबा फारसे आठवत नाहीत, पण काट्याचा तो गार पत्रा पायांना अजून आठवतो.

मार्च अजून किती लांब आहे. वहिनीला सांग, दादा ताठ चालतो तर चालू दे, लहानपणी फार वाकून चालला आहे. इथला लोभ सगळा तुमच्याकडेच वळवला आहे.

तुझी
धाकटी

---

१५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

बॅग आली. तिची हकीकत सविस्तर लिहितो, म्हणजे तुझा वेळ जाईल.

रविवारी मी, आई आणि तुझी वहिनी बॅगांच्या दुकानात गेलो. मी गोदामातला ताणकाटा बरोबर नेला होता. दुकानदार चाकं फिरवून दाखवत होता, कुलपं उघडून दाखवत होता, आणि मी एकेक बॅग आकड्याला अडकवून वजन बघत होतो. आधी तो हसला, मग जरा रागावला, आणि पाचव्या बॅगेला स्वतःच मुठीत धरून अंदाज सांगू लागला. त्याचा अंदाज सहाशे ग्रॅमने चुकला. पुढच्या गिऱ्हाइकाने तर मलाच विचारलं की यातली कोणती चांगली.

तू सांगितलीस तशी हलकी होती एक, दोन किलो सहाशेची. पण तिच्या भिंती वहीच्या पुठ्ठ्यासारख्या. आत मशीन ठेवलं आणि कोणी आपटलं तर मशीन बाहेर येऊन चालू लागेल. दुसरी होती चार किलो सातशेची, आत पोलादी पट्ट्यांची चौकट, चाकं पोटात बसवलेली. आईने तिच्या अस्तराची शिवण नखाने ओढून पाहिली आणि मान हलवली, म्हणजे पास. वहिनीने आठवण केली की धाकटीने हलकी सांगितली आहे. मी तिला समजावलं की दोन किलो जास्त आहे ते बारदान आहे, बारदान वजाच जायचं, त्याची चिंता नको, आतला माल शाबूत राहिला पाहिजे. तिलाही ते पटलं. घरी आल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूला, जाड अस्तरावर मी खडूने लिहून ठेवलं, बारदान ४.७००. पोत्यावर लिहितो तसं.

तुझ्या मैत्रिणीचं ओळखीच्या खुणेचं आईने फार मनावर घेतलं. तिने जाड कॅनव्हासची एक खोळच शिवली. बॅग तिच्यात उभी जाते, वर बटणांची पट्टी, बाजूंना दोन मजबूत पट्टे धरायला. खोळ माडीवरच्या ताडपत्रीच्या रंगाची आहे आणि तिच्यावर लाल धाग्याने एक मोठं फूल. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. सत्तरीची बाई, चष्म्यातून सुई ओवते आणि एक टाका वाकडा जात नाही. मी शेजारी बसून बघत होतो. मला वाटलं, माणसाने पूजा करावी तर अशी. खोळीचं वजन सहाशे ग्रॅम, तेही बारदानात धरलं.

मग सामान. मशीन दहा किलो आठशे. आईचे कपडे चार सहाशे. दुपटी, झबली, टोपड्या मिळून दोन नऊशे, सगळी तिने या महिन्यात शिवलेली. कात्री, दोरे, फीत वगैरे दीड. तुकड्यांचं गाठोडं अडीच. बारदान वजा जाता बावीस किलो तीनशे. सातशे ग्रॅम मी मुद्दाम मोकळे सोडले आहेत, झोकतं माप देणाऱ्याने देऊन मोकळं व्हावं, घेताना मात्र आखडून घ्यावं, तसं. तीनदा काटा केला. तिन्ही वेळा काटा तिथेच थांबला. आईने आकडा बघितला आणि म्हणाली की तिचा मुलगा बापाच्या वरताण निघाला. एवढं ती मला कधी म्हणाली नव्हती. ते तुला कळवल्याशिवाय राहवलं नाही, म्हणून लिहितो.

तब्येत जप. इकडचा जीव सगळा तिकडे लागलेला आहे, हे गृहीत धर.

तुझा
दादा

---

२५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बावीस तीनशे वाचून मला असं वाटलं की बाबाच काट्याशी उभे आहेत. आईने तुला म्हटलं ते मीही म्हणते. तुझ्यासारखा भाऊ नसता तर ही बाई आणि तिचं मशीन कोणी पोचवलं असतं? पत्र ह्यांनाही वाचून दाखवणार होते, पण ते रात्रपाळीला आहेत, आणि दिवसा झोपलेल्या माणसाला उठवून बॅगेचं वजन सांगणं बरं नाही.

तुला लिहू नये असं ठरवलं होतं, तरी लिहिते. परवा पोटात दुखू लागलं आणि मला आणून माझ्याच वॉर्डात टाकलं. दोन दिवस ठेवलं. आता घरी आहे. बाळ ठीक आहे, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की एप्रिल गाठायला हवा, कसाही. माझ्या मनाला शांत ठेवायचं औषध त्यांच्याकडे नाही, ते ६ तारखेच्या विमानात आहे.

रात्री जाग आली की मी आईच्या मशीनचा आवाज आठवते. त्यावर झोप येते. लहानपणीही त्यावरच यायची.

आता पत्र नको, आईच पाठव. बाकी लोभ तिच्याबरोबर बॅगेत घाल, सातशे ग्रॅम जागा आहे म्हणालास ना.

तुझी
धाकटी

---

८ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आई पोचली हे फोनवर कळलं. बाकी तिने तुला काय सांगितलं आणि काय नाही, मला ठाऊक नाही. जे घडलं ते मी तुला लिहिणं लागतो, कारण चूक माझी आहे.

विमानतळावर आत जायची चिठ्ठी काढून मी तिच्याबरोबर खिडकीपर्यंत गेलो. तिथे एक मुलगी बसली होती, वागायला नम्र. मी बॅग पट्ट्यावर ठेवली. खोळीवरचं लाल फूल बघून ती मुलगी हसली. मग आकडा आला. सत्तावीस किलो सहाशे.

मी शांतपणे तिला म्हणालो की बरोबर आहे, आता बारदान वजा करा. तिला शब्द कळला नाही. मी समजावलं की रिकाम्या बॅगेचं वजन. खोळीची बटणं काढून, झाकण उघडून खडूने लिहिलेला आकडासुद्धा दाखवला. म्हणालो की त्यात खोळीचे सहाशे मिळवा. तिने तो आकडा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि फार हळू आवाजात म्हणाली की काका, बॅगही विमानातूनच जाते ना.

धाकटे, तीस वर्षं मी पोत्याचं वजन काढून टाकत आलो. व्यापारी धान्याचे पैसे देतो, पोत्याचे नाही. बाबांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट ती. पण विमान काही विकत घेत नाही, ते नुसतं उचलतं. त्याला पोतंही उचलावंच लागतं. एवढी गोष्ट मला त्या खिडकीशी उभा राहून कळली. माझे कान तापले. मागे रांग होती. त्या मुलीने आकाराचा आकडा सांगितला आणि मी खिशात हात घातला.

तेवढ्यात आईने हातातली, आधीच सात किलो भरलेली पिशवी खांद्याला लावली आणि पाठ फिरवून दाराकडे चालू लागली.

मला वाटलं, संपलं. तुझं पत्र त्या वेळी माझ्या हातात पडलं नव्हतं, ते आज आलं. पण फोनवरचा तुझा आवाज मी ऐकला होता. मी बॅग ओढत तिच्यामागे गेलो. मनात एकच होतं की ही आता दाराबाहेर गेली तर मी तुला काय तोंड दाखवू. मी तिला हात जोडायच्या बेतात होतो.

ती दारापर्यंत गेली नाही. दाराअलीकडे एक लांब बाक होता, त्यावर बसली. चष्मा पुसला. मला म्हणाली की बॅग इथे आडवी टाक आणि सगळं काढ. मी सगळं काढलं. तिने खोळ जमिनीवर पसरली, तिचा तळ हाताने सारखा केला. खाली कपडे घातले. त्यावर बारा दुपटी एकावर एक, मधोमध मशीन, मशीनच्या चाकात झबली कोंबली, दांडीला टोपड्या गुंडाळल्या, बाजूंनी तुकड्यांचं गाठोडं फोडून भरलं. मशीन नुसतं कापसात ठेवलेल्या फळासारखं बसलं. बॅगेचे आतले दोन पट्टे कात्रीने कापून बाहेरून आवळले. मग ब्लाउजला टोचलेली सुई काढली, जाड धागा ओवला, आणि बटणांच्या पट्टीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टाके घालत गेली. सामानाची गाडी ढकलणारा एक माणूस थांबला आणि न सांगता कॅनव्हासच्या कडा धरून बसला. त्याने विचारलं की मावशी, हे कुठे शिकलात. ती म्हणाली की तिला मुलं दोन आहेत, आणि तोंड हलवण्यापेक्षा हात हलवलेला बरा हे त्यांना वाढवताना कळलं. तिचा टोमणा कोणाला होता ते मला समजलं.

हे सगळं वीस मिनिटांत झालं. मला एका शब्दानेही ती रागावली नाही. फक्त एकदा म्हणाली की बारदान वजा करायचं असतं ना, तर मग कर वजा. आणि मोकळी बॅग पायाने माझ्याकडे सरकवली.

खिडकीशी पुन्हा गेलो. बावीस किलो नऊशे. ती मुलगी उठून उभी राहिली आणि तिने स्वतः त्या गाठोड्याला चिठ्ठी बांधली, नाजूक सामान म्हणून. मी सोडलेले सातशे ग्रॅम नसते तर खोळीच्या वजनानेही आम्ही अडलो असतो, एवढीच माझी त्यात कमाई.

सुई आत नेऊ देणार नाहीत असं तिला कोणीतरी सांगितलं. तिने ती माझ्या शर्टाच्या खिशाला टोचली, गालावरून हात फिरवला आणि गेली. वळून बघितलं नाही. चालताना पंचविशीची वाटत होती.

मी रिकामी बॅग घेऊन बसने घरी आलो. कंडक्टरने रिकाम्या बॅगेचं लगेज लावलं. हे आईला सांगू नकोस.

वाटेत बसून विचार करत होतो. आपण माणसं मेल्यावर देवाच्या काट्यावर चढतो तेव्हा तो बारदान धरतो की वजा करतो, कोण जाणे. बाबा गेले तेव्हापासून आईने स्वतःचं असं काही धरलंच नाही, वजाच करत आली. तिचा काटा सोपा असणार. माझा जरा अवघड आहे.

तू आता निश्चिंत हो. माया पाठवतो, तिला बॅग लागत नाही.

तुझा
दादा

---

१९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी चूक म्हणू नकोस. तुझं ते पत्र मीही वाचलं होतं, दोनदा. बारदान वजा जाता बावीस तीनशे. मला काहीसुद्धा खटकलं नाही, उलट अभिमान वाटला. आईने काटा डोळ्यांनी बघितला, तिलाही खटकलं नाही. वहिनीला खटकलं होतं ते तू समजावून काढून टाकलंस. परवा मी ह्यांना वाचून दाखवलं तर हे अर्ध्या ओळीत थांबले आणि विचारलं की पण बॅगेचं वजन? मी आणि आई एकमेकींकडे बघत राहिलो. तोलणाराचं घर ते तोलणाराचं घर.

आई आली तेव्हा मी खिडकीतून बघत होते. हे गाडीतून उतरले, त्यांच्या खांद्यावर ते लाल फुलाचं गाठोडं, आणि मागे आई हात हलवत, जणू बाजारातून भाजी घेऊन आली. आत आली, हातपाय धुतले, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली की टेबल कुठे आहे. टाके उसवले. मशीनवर ओरखडासुद्धा नाही. चाक फिरवलं, तोच आवाज. दादा, मी त्या दिवशी दुपारी चार तास झोपले. डिसेंबरपासून एवढी झोपले नव्हते.

सुई नाही म्हणून पहिल्या दिवशी चिडचिड चालली होती. माझ्या सुया तिला पटत नाहीत.

आता ऐक. माझ्या वॉर्डातली मैत्रीण मला बघायला आली, तिच्या गणवेशाची बाही उसवली होती. आईने ती उभ्या उभ्या शिवून दिली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या, तिसऱ्या दिवशी पाच. आता संध्याकाळी आमच्या दाराशी पांढऱ्या कपड्यांची रांग असते. आईला त्यांची भाषा येत नाही, त्यांना आईची. ती त्यांना खांद्याला धरून फिरवते, मापाची फीत लावते आणि ओरडते, त्या हसतात. कोणी माझा रक्तदाब बघून जाते, कोणी फळं ठेवून जाते. म्हणजे तीन नर्सा रोज घरी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की एवढी चांगली व्यवस्था त्यांच्या दवाखान्यातही नाही. पाहुणी तर मीच झाले आहे या घरात.

मला तिच्याकडे बघून कळतं की ती मशीनसाठी का अडली होती. आणि तू तिच्याशी एका शब्दानेही वाद घातला नाहीस, हेही कळतं. इकडच्या दोघींचा, नाही, तिघांचा लोभ.

तुझी
धाकटी

---

२३ एप्रिल

ती. दादा आणि वहिनीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला कळलंच आहे की मुलगी झाली, पण फोनवर सांगायचं राहिलं ते लिहिते.

माझ्याच मैत्रिणीने बाळाला काट्यावर ठेवलं आणि आकडा सांगितला, दोन किलो आठशे. आई दाराशी उभी होती. तिने मला विचारायला सांगितलं की दुपट्याचं बारदान वजा केलं का. मी टाक्यांनी विव्हळत होते, तरी हसू आलं. मैत्रिणीला समजावलं. तिने गंभीरपणे दुपटं वेगळं काट्यावर ठेवलं. दीडशे ग्रॅम. आईने बोटांवर हिशेब केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की दोन सहाशे पन्नास, निव्वळ. दादा, त्या क्षणी मला तो काट्याचा गार पत्रा आठवला, आणि बाबा, आणि माझा फ्रॉक. मी रडले. सगळ्यांना वाटलं टाके दुखतात.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुला लिहावी की नाही याचा दोन दिवस विचार केला. आईने ती कॅनव्हासची खोळ कापली. तिचा खिशांचा एक पडदा शिवला आणि पाळण्याशेजारी भिंतीला लावला. एका खिशात झबली, एकात बाटली, एकात तिची कात्री. लाल फूल मधोमध आहे. बाळ टक लावून त्याच्याकडे बघतं.

जुलैत तिचं परतीचं तिकीट आहे. आता मशीन कशातून जाणार, हे मी तिला विचारलं नाही. विचारायची हिंमत नाही, कारण उत्तर कोणतंही आलं तरी आपल्यातला एकजण रडणार. तू थोरला आहेस, तूच काय ते ठरव.

बाळाचा पहिला नमस्कार, तिचे हात मी जोडून घेतले आहेत.

तुझी
धाकटी

---

४ मे

चि. धाकटीस आणि चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद. धाकट्या छकुलीला थोडे जास्त.

पत्र वाचून वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. दोन सहाशे पन्नासला तिने पदर डोळ्यांना लावला. खोळीचा परिच्छेद तिने मला पुन्हा वाचायला लावला.

मग वहिनी म्हणाली की आईंचं कापड वाया घालवलेलं तिने कधी बघितलं नाही. कापायच्या आधी त्या तीनदा विचार करतात. मी म्हणालो की मलाही तेच वाटतं.

आईला काही विचारू नकोस. मीही विचारणार नाही. ती जुलैत आली तर तिची खोली रोज झाडलेली आहे. नाही आली तर तिला हिशेब मागायला आपण कोण. इतकी वर्षं ती माझ्याजवळ राहिली, याचं मी कधी वजन करून पाहिलं नाही. आता ती जागा रिकामी आहे तेव्हा कळतं की केवढं होतं.

मी जुलैत रजा काढतो आहे. भाचीला बघायला येतो. ती बॅग माडीवर आहे, पट्टे कापलेले होते ते वहिनीने नवे लावले. काल पुन्हा काट्यावर ठेवली, पट्ट्यांसकट बरोबर चार किलो सातशे. खडूचा आकडा पुसला नाही, त्याखाली दुसरा लिहिला. तेवीसातून वजा जाता अठरा किलो तीनशे. एवढं सामान तुमच्यासाठी आणता येईल, बारदान धरून. काय हवं ते आईला विचारून कळव. परत येताना त्या बॅगेत मशीन असेल की नाही, ते तेव्हाच बघू. दोन्ही तऱ्हांनी बॅग पुरेल अशीच घेतली होती.

आणि आईला सांग, तिची सुई माझ्याकडे आहे. विमानात हातात नेता येत नाही, आणि मोठ्या बॅगेत कुठेतरी टाकायला मन होत नाही. तेलात भिजवलेल्या कापडात गुंडाळून देवाच्या कोनाड्यात ठेवली आहे. गंजणार नाही. तिला वाटेल तेव्हा तिने येऊन घ्यावी.

तुम्हा तिघींवरची माया तीनदा काटा करून पाहिली, दर वेळी वाढलेलीच भरली.

तुझा
दादा